वरची दोन बोटं माती

५ ऑक्टोबर
नांगर! मामंजींनी निकाल दिला. सोयाबीन काढून झालं, वाटेकडच्या पट्ट्यात यंदाही दाणा भरला नाही. "दहा वर्षं तुझं ऐकलं. जमीन माझ्या नावावर आहे. पुढच्या सोमवारी ट्रॅक्टर येईल."

हे नवऱ्याला. दहा वर्षांत त्याने या मातीला नांगर लावलेला नाही. मागच्या पिकाचा पाचोळा तसाच ठेवायचा, त्यातच फट पाडून पेरायचं. न नांगरणारा शेतकरी म्हणजे दाढी न करणारा न्हावी, असं मी पेपरातल्या माझ्या विनोदी सदरात लिहिलं होतं. नवरा हसला होता. मामंजींनी कात्रण कापून ठेवलंय!

६ ऑक्टोबर
माती-तपासणीचा कागद आला. माती उत्तम म्हणे. मग वाटेकडची पानं पिवळी पडली ती काय लाजून?
मामंजी : "मातीला नांगर हवाय, कागद नको."

७ ऑक्टोबर
नवऱ्याने तपासणीवाल्या बाईंना फोन लावला. मी कान लावला.
"किती खोल खणलंत?"
"वीतभर. नेहमीसारखं."
"अहो, नांगरलेल्या रानात वीतभर ठीक. तिथं सगळं वरखाली होतं. तुमच्याकडे वर टाकलेलं वरच राहतं. वरची दोन बोटं माती वेगळी काढा, खालची वेगळी. वाटेकडची आणि मधली, दोन्ही आणा."
म्हणजे आम्ही सरासरी तपासत होतो. डोकं चुलीत, पाय बर्फात — सरासरी तब्येत ठणठणीत!

८ ऑक्टोबर
नवरा दिवसभर खुरपं घेऊन रानात. मामंजी त्याच्याकडे पाठ करून बसलेले.

१० ऑक्टोबर
सापडलं! वाटेकडच्या पट्ट्यात वरची दोन बोटं आंबट, खाली सगळं छान. रानाच्या मधोमध वरही छान, खालीही छान. बाई फोनवर म्हणाल्या, आंबटपणा वर आहे तर चुनाही वरच पसरा, नांगरायची गरज नाही. पण वीतभर मातीचा हिशेब धरू नका, तिसरा हिस्सा पुरे. औषध जास्त झालं की तोच रोग.
"पण आंबट झालं कशाने?" मी मधेच विचारलं.
"युरिया फार पडला असणार."
"सोयाबीनला मी युरिया देतच नाही," नवरा म्हणाला आणि फोन ठेवला.

मामंजींना सगळं समजावून सांगितलं. "चुना मातीत मिसळल्याशिवाय लागू पडतो होय? सोमवार म्हणजे सोमवार." नवरा न जेवता उठला. दहा वर्षांची माती एका सकाळीत उलटणार. मला विनोद सुचत नाहीये. धंद्याला वाईट दिवस आले.

११ ऑक्टोबर
चुना आला. गोण्या उतरवणारा म्हणाला, "वहिनी, लोक दुसऱ्याला चुना लावतात!" हा विनोद सकाळपासून घरी येणारा प्रत्येक जण करून गेलाय. पोटावर पाय देतात मेले.

गोण्या ठेवायला गोठ्याचा कोपरा रिकामा केला. जुन्या ताडपत्रीखाली युरियाचं पोतं. अर्धं. त्यात पत्र्याचा डबा.

नवरा बाहेर गेलेला. गोठ्यात मी आणि मामंजी, दोघंच. पोतं बघून ते खाटेवर बसले.
"पीक पिवळं दिसायचं गं. वाटेवरून जाणारे-येणारे पोराला हसायचे. मग पहाटे मूठ-मूठ टाकायचो. वाटेकडून, हात पोचेल तेवढं."
"आणि जास्त पिवळं पडलं की?"
"मूठ वाढवायचो."
"मग नांगर कशाला बोलावलात?"
"माझा उपाय संपला, सूनबाई."
फार धारदार उत्तर जिभेवर आलं होतं. गिळलं. पाणी आणून दिलं. या युरियानेच माती आंबली, हे हळूच सांगितलं. त्यांनी डबा पोत्यातून काढून ताडपत्रीखाली सारला. मग म्हणाले, "त्याला सांगू नकोस."

१३ ऑक्टोबर, सोमवार
ट्रॅक्टर आला. मामंजी काठी टेकत वाटेवर आडवे उभे.
"परत ने."
"काका, तुम्हीच बोलावलंत ना!"
"मग घालवायलाही मीच हवा ना?"
 दुपारी नवरा तोंडाला फडकं बांधून चुना पसरत होता. मामंजी बांधावरून ओरडत होते — "अरे गाढवा, वारा बघून फेक! त्या कोपऱ्यात कमी पडतोय!"

१४ ऑक्टोबर
माझ्या पोटात राहीना. नवऱ्याला सांगितलं.
तो हात धूत होता. "माहीत आहे. तीन वर्षं बघतोय."
"मग अडवलं का नाहीस?"
"मी नांगर सोडल्यापासून ते माझ्या रानाकडे फिरकलेच नव्हते गं. युरिया टाकायलाच येऊ लागले."