प्रकाशच्या बोटीचे नवे गिअर

बुधवार, बेळगाव

आज डायरी लिहायला उशीर झाला, माफी असावी; हातांचं ग्रीस निघता निघेना.

आमचा प्रकाश मालवणला स्पीडबोट चालवतो. तिचा पंखा फिरवणाऱ्या गिअरचे दात वेगात दोनदा तुटले, पोरगं माणसांसकट समुद्रात अडकलं. म्हणून मी आमच्या कारखान्यात चांगल्या पोलादाचे, जाड दातांचे गिअर केले. काय देखणे दात! आज एसटीने पाठवायच्या आधी हिने त्यांना हळदकुंकू लावलं.

"अगं, दातांत पूड अडकली तर?"

"गुऱ्हाळाच्या चरकाला लावता तवा न्हाय अडकत व्हय?"

हसलो, तरी पुन्हा पुन्हा पुसले. एखादा दात राहिला असेल का? असो, छाती मात्र लई फुगलीय.

पोरा, बोट पाण्यात घातलीस की आधी मला फोन कर रं. माणसं मग बसव.