लॉरीतले लाल पाणी

सोलापूर, चैत्र वद्य पंचमी, मंगळवार

उद्या राधाला पहिल्या बाळंतपणासाठी करकंबहून आणायचे, आणि आपली जुनी लॉरी दर पाच मैलांना पाणी मागते. पोरीला आठवा महिना, त्यात हे ऊन. वाटेत अडकलो तर? रेडिएटरला मी दोनदा कथलाचा डाग लावून घेतला, तरी पाणी जातेच.

आज मल्लेश मिस्त्री आला. त्याचे घर विणकरांचे, चुलत्याचे सूत रंगवायचे काम. मल्लेशने तिथलाच लाल रंग रेडिएटरच्या पाण्यात कालवला, इंजिन चालू केले आणि खाली जुने पांढरे धोतर अंथरले. रेडिएटर बाहेरून कोरडाच! लाल थेंब पडला तो पाण्याच्या पंपाखाली.

"मालक, धडधाकट माणसाला दोनदा डागलासा की!" म्हणाला.

मग पंपाच्या दांड्याभोवती पाणी अडवायला भरलेले, आता कुजलेले सूत काढून त्याने मागाचे नवे सूत पिळले, ग्रीस लावून घट्ट भरले. तासभर इंजिन चालवले. एकही लाल थेंब नाही.

मला का सुचले नाही? मी गळती शोधलीच कुठे, ठरवूनच टाकली होती.

संध्याकाळी राधासाठी मागायला देवापुढे बसलो, तर आधी त्या मिस्त्रीच्या हातांसाठीच मागून झाले.