भाकरीवरची बोटं

प्रिय स्नेहल,

तुझ्या विसराळूपणाचं मला नवल नाही. जन्माला आलीस तेव्हा रडायचंच विसरली होतीस. सुईणीनं पाठीत चापट मारली तेव्हा तुला आठवलं. तेव्हा परवा सुपारी फुटल्यावर पुण्याला परत जाताना तू घरात तीन वस्तू विसरून गेलीस यात काय मोठं? मोबाईलची वायर तुझा बाप आणून देईल. छत्री मी ठेवून घेतली आहे, माकडांना दाखवायला बरी पडते. तिसऱ्या वस्तूचं मागनं सांगते. तोवर आठवून बघ. आठवली तर घाम फुटेल, म्हणून पंख्याखाली बसून वाच.

वरचं ते ‘प्रिय’ मायाचं आहे. आपल्या अंगणवाडीची माया. मी एवढ्या जन्मात कुणाला प्रिय म्हटलेलं नाही, तुझ्या आजोबांना तर नाहीच. पण ती म्हणाली, ‘अक्का, पत्राला ते लागतंच.’ म्हटलं लाव बाई, बिनमिठाचं कालवण नको. मी बोलते आणि ती लिहिते. ती बाहेर ओट्यावर बसली आहे, रजिस्टर मांडीवर घेऊन, आणि मी आत, खिडकीच्या गजांना नाक लावून. दाराला बाहेरून कुलूप आहे. किल्ली तुझ्या आईच्या, रतनच्या कमरेला, आणि तुझी आई तुझ्या बापाबरोबर भोरला गेली आहे, तुझ्या लग्नाच्या पत्रिका छापायला. फोन का नाही केला म्हणशील. फोनचं बटण माझ्या बोटानं दाबलं जात नाही. रतन लावून देते आणि मग हातातलं काम सोडून तिथंच उभी राहते. हे बोलणं तुझं-माझं आहे. मायाची काळजी करू नकोस. तिचं पोट भाटघरच्या धरणासारखं आहे, आत काय काय बुडालंय ते कुणाला दिसत नाही.

कुलपाचं ऐकून लगेच आईशी भांडायला उठू नकोस. ते मीच ओढवून घेतलं. संक्रांतीनंतर एका दुपारी न्हाणीत गेले आणि सवयीनं कडी सारली. तळव्यानं ढकलली म्हणून लागली. उघडायला मात्र चिमूट लागते, आणि माझी बोटं आता चिमूट धरत नाहीत. घरात कुणी नव्हतं. आधी हाका मारल्या. मग दाराला शिव्या दिल्या, त्या माया लिहायला तयार नाही. मग तांब्या दारावर आपटला. तांब्या चेपला, दार हललं नाही. उन्हं उतरेपर्यंत ओल्या दगडावर बसून होते. रतन शेतातून आली, तिनं कुऱ्हाडीनं दार फोडलं, आणि मला धरून तीच रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तुझ्या बापानं, धनाजीनं घरातल्या सगळ्या आतल्या कड्या काढून टाकल्या. आता या घरात माझ्या हातानं लागेल असं एक दार नाही आणि उघडेल असंही नाही. नुसतं लोटून गेलं तर माकडं शिरतात, म्हणून बाहेरून कुलूप. माकडं चिंचेवर मोकळी आणि मी आत. येऊन गजांतून बघून जातात मला. शेंगदाणे टाकत नाहीत एवढंच.

रतन सगळं हाताशी ठेवून जाते. कानाचा पेला, कुस्करलेली भाकर, टीव्ही चालूच. तरी दुपार लांब असते गं. आढ्याचे वासे मोजून झाले, भिंतीवरच्या पाली ओळखीच्या झाल्या. शेजारणी जाता जाता ‘काय अक्का, बरं हाय ना?’ म्हणतात आणि उत्तराला थांबत नाहीत. रस्ता इथून दहा पावलांवर आहे. तो मला दिसतो, पण कुलपाच्या एका लोखंडी पट्टीपलीकडे.

पण मी पहिल्यांदा कोंडले गेले ते न्हाणीत नाही. तुझ्या बापाच्या जन्मानंतर माझ्या कोपरांवर, गुडघ्यांवर लाल चट्टे उठले आणि त्यांच्यावर चांदीसारखे पोपडे. माझी सासू धोंडाबाई तोंडाची तिखट, आणि नजरेची त्याहून. एकदा मी पीठ मळत होते आणि तिला पिठावर एक पोपडा दिसला. उचलून तिनं तो उजेडात धरला आणि म्हणाली, ‘आजपास्नं तू पिठाला शिवायचं न्हाई.’ एवढंच. मारलं नाही, हाकललं नाही. पुढची सव्वीस वर्षं मी गुरं राखली, भात लावला, शेणी थापल्या. शेणाला माझा हात चालायचा, पिठाला चालायचा नाही. हा रोग शिवल्यानं कुणाला लागत नाही हे मला फार उशिरा कळलं. आधी कळलं असतं तरी धोंडाबाईला कोण सांगणार होतं? मी मनगटापर्यंत बाह्यांची झंपरं शिवून घेतली आणि गप्प बसले. तुझे आजोबाही आईपुढं बोलले नाहीत. पण भाताच्या राखणीला आम्ही दोघंच खोपीत असायचो. तिथं तीन दगडांच्या चुलीवर मी थापायची. तांदळाची भाकरी, पातळ, पाचही बोटं उमटलेली. ते चार खायचे आणि म्हणायचे, ‘पानी दे.’ तेच आमचं ‘प्रिय’.

सासू गेली आणि चूल माझ्या हाती आली. वर्षभरात बोटं धरायला लागली. सकाळी मूठ उघडायची नाही. ऊन उंबऱ्यावर यायचं तेव्हा कुठं हात माझा व्हायचा. एक बोट गाजरासारखं फुगलं. सगळे म्हणाले, भात लावून लावून सांधे धरले. मीही तेच म्हणाले. जन्मभर चिखलात वाकलेल्या बाईचे सांधे धरतात, त्यात विचारायचं काय? हाडांच्या डॉक्टरकडे गेले ती बाह्या खाली ओढून, मनगटाच्या पुढचं तेवढं दाखवलं. कातडीच्या डॉक्टरला कोपर दाखवलं आणि मूठ पदरात ठेवली, म्हटलं हिचं काय काम हितं. एकानं गोळ्या दिल्या, एकानं मलम दिलं. दोघंही शहाणे होते. मीच त्यांना अर्धी अर्धी दाखवली.

ते दोन्ही अर्धे जोडले ते डोळ्यांच्या डॉक्टरनं. मागच्या दिवाळीत माझा डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना, म्हणून धनाजीनं पुण्याला नेलं, ते तुला ठाऊक आहे. पुढचं मी घरात नीट सांगितलेलं नाही. तिथं नर्सनं रक्ताचा दाब मोजायला बाही वर सारली, मी ‘अगं, अगं’ म्हणेपर्यंत कोपर उघडं. डॉक्टर डोळा सोडून कोपरच बघत बसले. मग बोटं बघितली, मग नखं. नखांवर टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे आहेत, मला वाटायचं म्हातारपणाचे. म्हणाले, ‘आजी, हे तीन आजार नाहीत. एकच आहे.’ सोरायसिस म्हणतात त्याला. त्यांनी समजावलं ते मला कळलं तसं सांगते. आपल्या अंगात राखण असते, रोगराईवर नजर ठेवणारी. माझी राखणच उलटली. राखणदारानं पाखरं सोडून आपल्याच पिकावर गोफण चालवावी तसं. बांधाकडचं पीक आडवं झालेलं चारचौघांना दिसतं, ती कातडी. पण धोंडे आतही पडत असतात, सांध्यांत, डोळ्यांत, काळजाच्या नसांपर्यंत. सगळ्यांना सगळं होतंच असं नाही, पण बघावं लागतं. म्हणून आता ते माझं रक्त, साखर, दाब सगळं तपासत असतात. मी विचारलं, बोटं उघडतील का? माणूस खोटं बोलला नाही. वाकली ती वाकली, म्हणाले, उरलेली सांभाळू. ‘दुखायला लागलं त्या वर्षी आला असता, तर,’ म्हणाले आणि चिठ्ठी लिहायला लागले. येताना कापूरहोळला गाडी थांबली. कप माझ्या हातात ठरेना, तर तुझ्या बापानं चहा बशीत ओतून, सगळ्या ढाब्यासमोर, माझ्या तोंडाला लावला. चहा चांगला होता.

आता तुझी सुपारी. भोंगवलीची, अजितच्या घरची माणसं यायच्या आधी रतन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘आत्या, तुमी जरा मधल्या खोलीत बसता का? हात बघितला तर नको नको ते इचारतील.’ तिचा राग नाही मला. पोरीच्या सोयरिकीत खोट निघू नये म्हणून आई काहीही झाकते, आणि झाकण्यात तर मीच या घराची गुरू. मी बसले, तिनं दार लोटलं. फटीतून मला नुसते पाय दिसत होते. त्यात अजितचे मी बरोबर हेरले. मोज्याला भोक, आणि अंगठा बाहेर. पण त्यानं पाय आत ओढला नाही. अंगठा मजेत हलवत बसला होता. बैठकीत उघडा अंगठा घेऊन बसणारा नवरदेव मला आवडला. हे ध्यानात ठेव, पुढं लागणार आहे.

पाहुणे गेल्यावर सगळ्यांनी तुला हौसेनं चुलीपुढं बसवलं. अंगाची लाही होत होती आणि तुझ्या अंगात मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस. तुझी भाकरी एका अंगाला जाड झाली. सगळे हसले, तुझा बाप म्हणाला, ‘पुन्याला जाऊन हात मोडला पोरीचा.’ तूही हसलीस. ती भाकरी माझ्या ताटात आली. मला अक्षर वाचता येत नाही; मायानं इथं काय लिहिलंय ते मी तिच्या इमानावर सोडलंय. पण भाकरी मला वाचता येते. तुझ्या उजव्या हाताची तीनच बोटं उमटली होती. मधलं आणि त्याच्या पलीकडचं, दोघांची जागा कोरी. तशीच भाकरी मी थापली होती, सासू गेल्याच्या वर्षी. दुसऱ्या दिवशी सकाळी तू चहाचा पेला दोन्ही हातांत धरून नऊपर्यंत बसलीस. रतनला वाटलं, पोरगी लाजते आहे. ऊन उंबऱ्यावर आलं तेव्हा तू पेला खाली ठेवलास.

आणि ती तिसरी वस्तू. तुझ्या उशीखाली मलमाची नळी होती, अर्धी पिळलेली. वर काय छापलंय ते मला कळलं नाही. टोपण दातानं उघडलं आणि वास घेतला. डांबराचा. तो वास अंगावर घेऊन मी चाळीस वर्षं हिंडले आहे. रतनच्या हाती लागायच्या आधी मी ती नळी तांदळाच्या डब्यात पुरली. आता माया लिहायची थांबली आहे आणि माझ्याकडे बघते आहे. लिही गं म्हटलं.

तर पोरी, पत्र लिहायचं कारण हे. लग्न तीन आठवड्यांवर आलंय आणि तू तोंड मिटून बसली आहेस, हे मला कळतं. मीही मिटलं होतं, आणि बाह्या ओढत ओढत या खिडकीपर्यंत आले. तुझी बोटं आत्ताच धरायला लागलीत. त्यांना अजून उघडता येतंय तोवर ऐक. येत्या गुरुवारी मला पुण्यात तपासणीला यायचं आहे. तू रजा काढ. आजीला सोबत हवी म्हणून सांग, ते खोटंही नाही. तिथं दोन केसपेपर काढू, एक माझा, एक तुझा. बाही वर कर, मूठही उघड, एकाच डॉक्टरपुढं, एकाच वेळी. मी शेजारी बसते. अजितला काय सांगायचं ते तुझं तू ठरव, पण सांग, आणि लग्नाआधी सांग. अंगठ्याचं मी तुला उगीच सांगितलं नाही. तो मागे फिरलाच, तर तुझ्या आईचा सगळा राग माझ्यावर येऊ दे. मी पळून कुठं जाणार आहे? माया उद्या ट्रेनिंगला पुण्याला येते आहे, तीच पत्र आणि नळी तुझ्या हातात देईल. उलट पत्र मात्र लिहू नकोस, ते रतनच फोडणार. डबा पाठव. बुधवारच्या आत सोमनाथच्या एसटीत दे, तो आपल्याच गावचा कंडक्टर, दारात आणून देतो. डबा आला की मी समजेन, गुरुवारी तू दवाखान्याच्या पायरीवर उभी आहेस. त्यात तांदळाची भाकरी घाल, एकच, तुझ्या हातची. लाटण्यानं लाटलीस तर मला कळेल. वरून पाण्याचा हात फिरवताना उमटलेली बोटं पुसू नकोस. तीन उमटली तर तीन, दोन उमटली तर दोन, जशी होईल तशी पाठव. आणि जोडीला लसणाची चटणी, जरा झणझणीत.

तुझीच,
बोटं मोजायला बसलेली,
आजी