शेवटच्या घराचं पाणी

मिल्टन कीन्स
२४ मार्च २०२५

चि. ऋचा,
सप्रेम जयभीम.

मी सुखरूप पोचल्याचं तुझ्या आईने फोनवर सांगितलंच आहे. तू मला फोन द्यायला सांगितलंस तेव्हा ती म्हणाली, बाबा बागेत आहेत. होतो खरा बागेत. तिथे काही काम नव्हतं, पण होतो.

इकडची हवा नेहमीसारखी, धड पाऊस नाही आणि धड ऊन नाही. सकाळी रेडवेच्या पायवाटेवर चालून येतो. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. शेजारच्या शिल्पाने परवा विचारलं, "काका, डेझर्टमध्ये होतात ना तुम्ही? कॅमल्स होते का तिकडे?" मी म्हटलं, नाही गं, गाढवं होती, त्यातलंच एक परत आलंय. तुझी आई इतकी हसली की चहा सांडला. तिची पाठ आता बरी आहे. एवढा लांबचा प्रवास झेपणार नाही म्हणून ती आली नाही, पण रोज जेवताना मला तुझ्या गावाबद्दल खोदून खोदून विचारते.

आणि मी सांगतो. लाल डोंगर, त्यांच्या पायथ्याशी तो एवढासा ओढा, ओढ्याच्या कडेने वीस-पंचवीस घरं, आणि घरांपलीकडे मैलोगणती नुसते दगड आणि काटे. कॉटनवुडच्या झाडांची पानं आपल्या पिंपळासारखी असतात म्हणे, मी होतो तेव्हा नुकती फुटत होती. पोस्ट ऑफिस एका खोलीचं, तिथलीच बाई पत्रंही देते आणि अंडीही विकते. ओढ्यातून काढलेला तो पाट सगळ्या घरांच्या परसातून जातो आणि ज्याच्या त्याच्या पाळीला ज्याला त्याला पाणी मिळतं. हे सगळं सांगताना माझा आवाज कौतुकाचा होतो, असं तुझी आई म्हणते. तिला काय, ती काहीही म्हणते.

फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझ्या व्हॉट्सॲपला रेंज नसते. म्हणून हे पत्र. तू फीनिक्सच्या विमानतळावर विचारलंस त्याचं उत्तर राहून गेलंय.

त्याआधी पाट उपसायच्या दिवसाबद्दल बोलू दे. दर घरामागे एक माणूस फावडं घेऊन आला. वरच्या मोठ्या बागेचा मालक आला, निवृत्त डॉक्टरीण आली, एक ट्रकवालाही. आणि माझी इंजिनिअर मुलगी गुडघाभर गाळात उभी. मला खुर्ची दिली होती, हॅट दिली होती. त्या खुर्चीत बसून मी काय बोललो ते तुला आठवत असेलच. "यासाठी शिकवलं तुला?" तू वर बघून हसलीस आणि पुन्हा वाकलीस. तेवढ्याने मला आणखीच राग आला.

तुझे आजोबा गावचा पाट उपसायचे. मजुरी नाही, काही नाही, आपल्या लोकांनी ते करायचंच असं ठरलेलं होतं. आबा सकाळपासून गाळ काढायचे. पाणी सुटलं की आधी वरच्या आळीचे मळे, मग खालच्या आळीचे. आमच्या वस्तीशी येईपर्यंत पाटात नुसती ओल उरायची. त्यांनी मला कधी फावड्याला हात लावू दिला नाही. मी पेन धरलं, तू कॉम्प्युटर धरलास, मला वाटलं सुटलो आपण. आणि तू वॉटर कंपनीतली नोकरी सोडून सात समुद्रापलीकडे जाऊन पुन्हा गाळात उतरलीस. मी स्लाऊच्या आपल्या मंडळींना सांगत आलो, ऋचा तिकडे कन्सल्टंट आहे. त्यातला सुहास तर दर वेळी विचारतो, "बबनराव, ऋचा स्टिल कन्सल्टिंग?" मी म्हणतो, हो हो, मोठं प्रोजेक्ट आहे.

मग पाणी सोडायचा दिवस. सगळे आपापल्या परसात उभे. कोरड्या पाटातून पाणी पुढे सरकताना पाहिलं आणि मला एकदम भरून आलं. मार्च महिना होता. मी दरवर्षी वीस मार्चच्या कार्यक्रमात चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर भाषण करणारा, बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं ते सांगणारा माणूस. मी काही विचारच केला नाही. खाली बसलो, पाण्यात हात घातले, ओंजळ भरली.

आणि तू म्हणालीस, "बाबा, ओंजळ सोडा. आज आपली पाळी नाही."

सगळ्यांसमोर. मराठीत बोललीस, पण ज्याला कळायचं त्याला कळलं. ऋचा, पाण्याला हात लावू नका, हे माझ्या घरातलं माणूस मला म्हणेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मी आत जाऊन दार लावून घेतलं. तू मागून आलीस, दाराबाहेरून समजावत राहिलीस की पहिलं पाणी शेवटच्या घराला, लुपेआजीकडे पोचेपर्यंत वरच्यांनी थेंबही घ्यायचा नाही, असा इथला नेम आहे. मी ऐकत होतो. ऐकून न ऐकल्यासारखं केलं. संध्याकाळी त्या आजीने पातेलं बडवलं, पाणी पोचलं म्हणून, आणि अख्खं गाव ओरडलं. मी खोलीतच होतो.

दुसऱ्या दिवशी तो बागेचा मालक मुद्दाम भेटायला आला. म्हणाला, "सर, गेल्या वर्षी माझी नवी रोपं वाळत होती, मी पाळी नसताना पाटात फक्त एक पाइप टाकला. शी मेड मी टेक इट आउट. आय वॉज मॅड फॉर अ वीक." मग हसला आणि म्हणाला, "दॅट्स व्हाय वी वॉन्ट हर."  आणि विमानतळावर तू म्हणालीस, "एप्रिलच्या मीटिंगमध्ये पाणी सांभाळायचं काम, आपल्याकडच्या पाटकऱ्याचं, मला देणार आहेत. तुम्ही हो म्हणालात तरच घेईन. नाहीतर जूनमध्ये घरी येते, पुन्हा तक्रार करणार नाही." मी पासपोर्ट शोधायचं नाटक केलं आणि आत गेलो.

परवा शनिवारी स्लाऊला वीस मार्चचा कार्यक्रम झाला. भाषण माझंच होतं. तोंडपाठ आहे, पण ओंजळीपर्यंत आलो आणि पुढचं वाक्य निघेना. लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. समोर तुझी आई बसली होती, ती नुसती बघत होती. मग मी सांगून टाकलं. माझी मुलगी कन्सल्टंट नाही, मी खोटं सांगत होतो. ती एका ओढ्याकाठच्या गावात फावडं मारते, आणि पहिलं पाणी शेवटच्या घराला जाईपर्यंत पाटावर उभी राहते. तिने तिथे माझीसुद्धा ओंजळ सोडायला लावली.  नंतर धम्मशीला मावशी जवळ आली, आपल्या सगळ्यांत मोठी, आणि म्हणाली, "बबन, आपल्या पाटावर असं कोणी उभं असतं तर?"

 घरी येईपर्यंत मोटरवेवर मी गाडीत रडलो. तुझी आई म्हणाली, गाडी बाजूला घे, मी चालवते. तिने चालवली.

मला तुझी आठवण येते. तू जूनमध्ये परत आलीस तर मला फार आनंद होईल, हेही खरंच आहे, ते लपवत नाही. तुझी खोली रिकामी आहे आणि मला ती रिकामी आवडत नाही. पण त्यासाठी हो-नाही अडवून धरणारा मी कोण?

मीटिंगमध्ये हो म्हण. माझ्याकडून हो आहे, तुझ्या आईचं तर कधीचंच आहे. आबांना विचारता आलं असतं तर त्यांनी फार वेळ घेतला नसता. काम नीट कर. मोठा असो, छोटा असो, घरातला असो, पाळी सोडून कोणाला घेऊ देऊ नकोस. लुपेआजीला माझा जयभीम सांग, तिला समजावून सांग त्याचा अर्थ.

तुझा,
बबन,
पाटकरणीचा बाप