हिरवी गाडी जांभळी निघाली

लांपांग, गुरुवार

तीर्थरूप दादास,
विलाईचा वाकून नमस्कार.

"गाडी गेल्याचं मला काही वाटत नाही," असं तू एकोणीस वर्षांपूर्वी म्हणालास आणि मग मागच्या नळाशी बसून तासभर धुतलेलीच बादली धूत राहिलास. मंगळवारपासून ते वाक्य माझ्या डोक्यात आहे. तुझी कंबर कशी आहे? वहिनी तिखट कमी घालतात का? (नसतील घालत. तिकडे दक्षिणेत सोंगखलाच्या माणसांना सांगून उपयोग नसतो.) आई बरी आहे. तू येत नाहीस हे ती बोलून दाखवत नाही, फक्त जेवताना एक ताट जास्त घेते आणि चुकून घेतलं म्हणते.

तर मंगळवारी भंतेंसाठी भाताचा डबा घेऊन मी विहारात गेले, तो आवारात बाबांची ऑस्टिन उभी. रंग तोच, कैरीसारखा हिरवा. मागच्या काचेवर मात्र पट्टी चिकटवलेली: ‘ही गाडी जांभळी आहे’. खात्री करावी म्हणून मी दार उघडून छत पाहिलं. गाडी मंतरताना भंतेंनी लावलेले नऊ पांढरे ठिपके होते, आणि शेजारी तुझा दहावा, जो तू कुणी बघत नसताना बोटाने लावलास आणि ज्याचा आळ माझ्यावर आला. (तो विषय मी आज काढत नाही.) नीट दिसावं म्हणून आत बसले. तेवढ्यात एक आजी येऊन स्टिअरिंगवर बसल्या, "आज लवकर आवरलंस गं," म्हणाल्या आणि गाडी निघाली.

आता वडीलधाऱ्या बाईला तोंडावर कसं सांगायचं की तुम्ही चुकलात? मी मान डोलावली. बाजार गेला, नदीवरचा पूल गेला. त्या माझ्या नवऱ्याच्या मूळव्याधीची चौकशी करत होत्या आणि मी आता उतार आहे म्हणत होते. (मला नवरा नाही हे तुला ठाऊक आहे, पण त्यांचा विरस कशाला करायचा?) त्यांच्या अंगणात उतरल्यावर त्यांनी चष्मा लावला.

"अगं बाई, तू कान्या नाहीस?"

मी म्हटलं, मी या गाडीच्या पहिल्या घरची मुलगी. मग चहा झाला. या लमाई आजी, निवृत्त शिक्षिका; कान्या त्यांची शेजारीण. मी त्यांना सगळं सांगितलं: दादा दोनदा गाडीसकट खड्ड्यात गेला, ज्योतिषी म्हणाले शनिवारी जन्मलेल्याला जांभळा रंग शुभ, हिरवा वर्ज्य, आणि आईने बाबांना गाडी विकायला लावली.

"माझाही जन्म शनिवारचाच," आजी म्हणाल्या. "मी बाजारातून पट्टी आणली नि लावली. ग्रहांना वाचता येतं गं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कुणी नाही सांगितलं, दादा. बाबा पुढे सात वर्षं सायकलवर हिंडले, पण त्याचा दोष त्यांनी तुला एकदाही दिला नाही. तू मात्र ते गेल्यावर त्यांच्या शंभराव्या दिवसाच्या विधीलाही आला नाहीस. गाडीची रिकामी शेड तुला बघवत नाही, एवढं मला कळतं.

आता डोळ्यांमुळे आजी गाडी देऊन टाकतायत. एका कॉफीवाल्याला ती मधोमध कापून पुढचा अर्धा भाग दुकानाच्या भिंतीवर टांगायचा आहे. आजींना ते सोसवत नाही. रविवारपर्यंत कुणी चालवणारा मिळाला तर त्याला देईन म्हणाल्या. मी तुझं नाव सांगून बसले आहे. तेव्हा रविवारी ये.

तुझी,
विलाई

ता. क. भंते त्या दिवशी माझ्या भाताविनाच जेवले. तो आजींनी आणि मी खाल्ला.

ता. क. आणखी एक, खरं. हे पत्र लिहायला बसले तेव्हा गाडी आपल्या शेडमध्ये आलेली होती. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला चालवत घेऊन आला, पुढेही चालवीन म्हणतो. तिला आता कुणी कापत नाही. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. तू सुट्टी नाही म्हणून कळवशील, हेही माहीत आहे. तरी रविवारी ये.