डोंगराला निघण्यापूर्वीची निरवानिरव

मी, खाली सही करणारा, पाठीवरच्या पिशव्या शिवणारा कारागीर, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. भीती आहे, ती माझी स्वतःची. उद्या सकाळी मी बायकोबरोबर डोंगरातल्या पायवाटेने चालायला जाणार आहे. गेल्या पानगळीत त्याच वाटेवर ती माझ्या मांडीवर मरता मरता वाचली.

१. राहते घर, खालचे दुकान आणि बँकेतली ठेव माझ्या पश्चात बायकोला मिळावी. आम्ही दोघेही परतलो नाही, तर हे सर्व मुलीला मिळावे. हे दुसरे वाक्य लिहिण्याआधी मी उठून खिडकीतून आभाळ पाहून आलो. निरभ्र आहे. त्या दिवशीही निरभ्रच होते.

२. शिलाईचे यंत्र, जाड सुया आणि कातऱ्या भाचीला द्याव्यात. ती माझ्याकडेच शिकली आणि आता माझ्यापेक्षा सरळ शिवण घालते. यंत्र कुरकुरले तर तेल द्यावे, लाथ घालू नये.

३. मेहुण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला, काहीही देऊ नये. कारण लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून तोंडे वाकडी व्हायला नकोत.

त्याच्याच गाडीने आम्ही पायथ्याशी उतरलो होतो. मी भरलेली पिशवी पाठीला लावू लागलो, तर तो म्हणाला, "भाऊजी, दुपारपर्यंत तर परत याल. एवढं बिऱ्हाड कशाला? राहू दे गाडीत." बायकोही हसली. पिशवी राहिली, आणि संध्याकाळी घ्यायला येतो म्हणून तो ती घेऊन निघून गेला.

माथ्यावर धुके उतरले, मग बारीक पाऊस. वाट दिसेनाशी झाली. बायकोची सुती पँट भिजून पायांना चिकटली, कापडी बुटांत पाणी शिरले. ती कुडकुडत होती तोवर मला धीर होता. मग तिचे बोलणे जड झाले, आणि कुडकुडणे थांबले.

"मला आता थंडी नाही वाजत," ती म्हणाली आणि गळ्याशी बांधलेल्या शालीची गाठ सोडू लागली. "उकडतंय रे. सोड ना."

मी गाठ मुठीत धरून ठेवली. तिने माझ्या हातावर चापटी मारली. त्या हातात जोर नव्हता. तिला खडकाच्या आडोशाला कुशीत घेऊन मी घसा फाटेपर्यंत हाका मारल्या.

मेंढ्या राखणारी एक बाई हाकेच्या रोखाने आली. मी रडत होतो. "आधी ओलं काढ तिच्या अंगावरचं, दादा," ती म्हणाली. "मग रड." तिने बायकोला आपल्या लोकरी पांघरुणात घेतले, स्वतः तिला बिलगून बसली आणि बायको शुद्धीवर आल्यावर बाटलीतला कोमट गोड चहा घोट-घोट पाजला. थरथर परत सुरू झाली, तेव्हा ती बाई म्हणाली, "आता जगेल."

मी शिवलेली सर्वांत मोठी पिशवी आणि घरातले नवे लोकरी कापड त्या बाईला पोचवावे.

४. ज्याला माझे काहीही मिळेल, त्याने पानगळीत डोंगरात जाताना अंगालगत लोकरीचे घालावे, सुती कधीही नाही. घोट्याच्या वर येणारे बूट, तेही आधी घरात वापरून मऊ केलेले. कोरडे मोजे आणि एक जाड स्वेटर प्लास्टिकमध्ये गुंडाळून तळाशी. पावसाळी अंगरखा मात्र सगळ्यात वर, कारण पाऊस उचकापाचक करायला वेळ देत नाही. विजेरी, शिट्टी, खायला काहीतरी गोड. आणि पिशवी आपल्या पाठीवर, दुसऱ्याच्या गाडीत नाही.

शेजारचे वकील हे वाचून म्हणाले, "अहो, मृत्युपत्रात मोजे? ही अट कोर्टात टिकायची नाही."

"थंडीत टिकली तरी पुष्कळ," मी म्हणालो.

५. बायकोविषयी. तिच्या डाव्या पायाच्या दोन बोटांना अजून स्पर्श कळत नाही. ती झोपली की मी पांघरुणाखाली तिचे पाय चाचपतो, गरम आहेत ना म्हणून. आणि हीच बाई त्याच वाटेने जायचे म्हणते. मी रागावलो, अबोला धरला, मुलीकडून सांगून पाहिले. शेवटी आज विचारले, "तुला भीती नाही वाटत?"

ती बुटांना मेण चोळत होती. "वाटते ना. वर्षभर जिन्यानं खाली उतरतानाही वाटते. असं किती दिवस जगायचं? तू नको येऊस हवं तर."

मी जाणार आहे. तिच्या मागून चालणार आहे, म्हणजे ती मला दिसत राहील. आमच्यातले एकच कोणी परतले, तर त्याला कोणीही काही विचारू नये. जेवायला वाढावे.

हे वाचून, समजून मी सही केली आहे.

ठिकाण : दुकानाची मागची खोली
दिनांक : निघण्याचा आदला दिवस

सही : पिशव्या शिवणारा

साक्षीदार :
शेजारचे वकील (कलम चारबाबत असहमत)
गल्लीतल्या डॉक्टरीणबाई. त्यांचा शेरा : तपासले. हात कापतात, नाडी जलद. भ्रम नाही. ज्याची भीती वाटते ते खरोखरच घडू शकते.