अळूचा कोपरा

१७ नोव्हेंबर २०२४

मोहरी उगवली! कोपराभर. आणि ही खायची नाही. जन्मात पहिल्यांदा न खाण्यासाठी काही पेरलं.

शेजारची मटिल्डा कुंपणावरून ओरडली, "अगो, खायची नाय तर पेरलीस कशाला?" म्हटलं, माती धुवायला. म्हणे, "मग साबन लाव ना!"

हसायचं ते हसा. बाजूच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडायचे. शेड बंद झाली, पण तिचं पाणी पाटातून आमच्या वाडीच्या ह्याच कोपऱ्यात मुरलं. मातीत शिसं आहे. मोहरी ते मुळांनी ओढून घेते, मग रोप मुळासकट उपटून बाहेर काढायचं — वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं. पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचायला शिकले मी, पण जे वाचते ते धरून ठेवते. माती तपासणाऱ्या उन्नती मॅडमना विचारलं. "बरोबर आहे मावशी, पण वर्षं लागतील."

वर्षं कुठली आणू? श्रीपत भावजींशी बोली झाली आहे — वाडी दोघा भावांची, म्हणजे आता त्यांची नि माझी. पुढच्या पावसाळ्यापर्यंत कोपरा सुधारला तर ठीक. नाहीतर शेजारच्या सोसायटीला गाड्या लावायला द्यायचा. वर फरशा. मी हो म्हटलं. काय म्हणणार!

१८ नोव्हेंबर

हा ह्यांच्या अळूचा कोपरा. हे गेल्यावर कंद काढून दिपिकाच्या बाल्कनीत ठेवले, एव्हरशाईन सिटीत, कुंड्यांमध्ये. सून चांगली आहे, पाणी घालते. पण चौथ्या मजल्यावरचं अळू ते. पानं तळहाताएवढी. इथे सुपाएवढी व्हायची.

ह्यांचं आवडतं. अळू म्हटलं की ताटाशेजारी चिंचेच्या कोळाची वाटी हवीच, मध्ये मध्ये घोट घ्यायचे. असा शौक!

९ डिसेंबर

मोटार चालू राहिली. टाकी वाहून अर्धी वाडी भिजली. आतून "मोटार!" म्हणून ओरडणारं माणूस नाही.

५ जानेवारी २०२५

मोहरी कमरेला लागली. पिवळी धमक. आणि आता राखण! सोसायटीतल्या बायका पिशव्या घेऊन येतात — "आंटी, सरसों का साग! थोडा दे दो ना." मी पाटी लावली : ही भाजी विषारी आहे, खाऊ नये. तर पाटीखालीच एक बाई खुडत उभी. म्हणे, "हमारे गाँव में भी ऐसा बोर्ड लगाते हैं, चोर के लिए."

हातातली जुडी काढून घेतली. भांडण झालं, मग चहा झाला. जाताना तिला मटिल्डाचा मुळा घेऊन दिला.

२ फेब्रुवारी

दाणे धरायच्या आत सगळी मोहरी उपटली. मुळासकट. सुकवून पोत्यांत भरली, गोठ्यामागे ठेवली. उन्नती मॅडमची गाडी येऊन नेणार, कारण शिसं आता त्या काड्यांत. लगेच सूर्यफूल पेरलं.

३० मार्च

सूर्यफुलांपुढे फोटो काढायला रांग. पोरं, पोरी, एक नवरा-नवरी! भावजी विडा चघळत बघत होते. "वयनी, तिकीट लावा." म्हटलं, लावते, पहिलं तुमचं. "मी कशाला? मी तर पार्किंगवाला मानूस!" हसले. मीही हसले.

२६ एप्रिल

गाडी येते येते म्हणतात. पोती तिथेच. सूर्यफूलही उपटून त्यातच भरलं.

११ मे

काय लिहू!

बाजारातून आले तर कोपऱ्यातून धूर. भावजींनी राब भाजला. भाताचं रोप टाकायचं तर आधी जमिनीवर सुका पाला पसरून जाळायचा, राख मातीला द्यायची — त्यांच्या बापानं केलं, आज्यानं केलं. पण पाला कुठला घेतला? माझी पोती! सगळी मोहरी, सगळं सूर्यफूल! सहा महिने मातीतून काढलेलं शिसं परत मातीवर.

त्यांना धुरातून ओढून बाहेर काढलं आणि मग तोंडाला येईल ते बोलले. पार्किंगसाठी मुद्दाम केलंत, असंही बोलले. त्यांच्या मिशीला राख. "कोपरा मोकळा होता, सुका पाला दिसला, वयनी. वाया जात होता."

१२ मे

जेवले नाही. भावजीही जेवले नाहीत म्हणे.

उन्नती मॅडमना फोन केला. मला वाटलं, चिडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "मावशी, माती नांगरली का?" नाही. "पाऊस पडला का?" नाही. "मग राख वरच आहे! वारा सुटायच्या आत पाणी शिंपडा, आणि राखेसकट वरचा वीतभर थर खरवडून काढा. शिसं फारसं खाली जात नाही. खरं तर हे आधीच करायला हवं होतं. ती माती पोत्यांत भरा, मी स्वतः उभी राहून नेते."

१३ मे

उजाडता गेले तर भावजी आधीच खरवडत बसलेले. नाकातोंडाला ओलं फडकं, हातात घमेलं. माझ्याकडे बघितलं नाही. मी दुसऱ्या टोकाला बसले. दुपारी मटिल्डा आली, झगा खोचून तिसऱ्या टोकाला. "साबन आनलाय मी," म्हणाली. तिघंही हसलो. मग भावजींचं हसू थांबेना, डोळ्यांतून पाणी. म्हणे धूर गेलाय. परवाचा धूर!

१६ मे

मॅडम गाडीबरोबर आल्या. पोती गेली. खड्ड्यात नवी माती, शेणखत. खाली उरली त्या मातीचा नमुना गेला, आणि बाकी वाडीचाही.

२१ जून

निकाल आला! बाकीच्या वाडीत भेंडी, दुधी चालेल, पालेभाजी अजून नको — पाटाचं पाणी तिथेही थोडं पोचलं होतं. आणि खरवडलेला कोपरा? सगळ्यांत स्वच्छ! पालेभाजीलाही! भावजींचा राब नसता तर अजून वर्षानुवर्षं मोहरी उपटत बसले असते.

त्यांना वाचून दाखवलं. "परत वाचा." परत वाचलं. "म्हनजे मीच साफ केली." हो, तुम्हीच. सोसायटीवाल्यांना त्यांनी अंगणातूनच हात हलवून सांगितलं, "नाय, नाय, गाड्या नाय. अळू!"

मी म्हटलं, मुद्दाम केलंत असं बोलले ते मागे घेते. म्हणाले, "घेऊ नका. तुमच्या तोंडून एवढं मोठं वाक्य पयल्यांदा ऐकलं."

२४ जून

दिपिका रिक्षाने कुंड्या घेऊन आली. कंद लावले. माती अजून गार होती.

१० ऑगस्ट

पानं सुपाएवढी! सुपाएवढी!! मॅडमनी दोन नेली होती, तपासून निरोप दिला — खुशाल खा. उद्या वड्या.

११ ऑगस्ट

पहिली वडी ह्यांच्या फोटोपुढे ठेवली, शेजारी चिंचेच्या कोळाची वाटी. भावजी जेवायला होते. वाटी बघून हळूच म्हणाले, "दादाच्या घशाला अळू खाजायचं, वयनी. लहानपनापासून. तुम्ही लग्नात चार वड्या मागून घेतल्यात, ते बघून दुसऱ्या दिवशी कंद आनून लावले त्याने. मला म्हनाला, तिला सांगू नको."